देशी झाडांची घरबाग

दख्खनच्या पठारावर घराभोवती तिथलीच मूळची झाडे, झुडपे व वेली निवडून केलेली बाग. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे चक्र या झाडांच्या अंगवळणी पडलेले असते. म्हणूनच मुळे खोल गेली की त्यांना फारशी देखभाल लागत नाही. सदाफुली व गुलमोहर मूळचे मादागास्करचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील. नजरेला कितीही सरावाचे झाले तरी ते देशी नव्हेत.

कुंपणाला निर्गुडी किंवा अडुळसा लावावा. अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि पावसाळ्यात वीतभर फांदी खोचली तरी ती फुटते. उन्हाच्या कोपऱ्यात धायटी शोभते. उन्हाळ्याच्या तोंडी ती लाल फुलांनी भरते आणि शिंजीर पक्षी मधासाठी येतात. खाली पिवळी कोरांटी, भिंतीपासून आठ फुटांवर पारिजातक.

लागवड जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर करावी. खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल असावा. मुरमाड जमिनीत काढलेल्या मातीत पाव हिस्सा पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या शेणाने हुमणी (मुळे खाणारी अळी) व वाळवी येते. काळ्या मातीत खड्ड्याचे भांडे होऊन पाणी तुंबते, पारिजातक तर त्यात हमखास सडतो. तिथे अर्धा फूट उंचवटा करून रोप लावावे. पिशवीत गोल गुंडाळलेली मुळे मोकळी केली नाहीत, तर झाड वर्षानुवर्षे खुरटेच राहते.

खरी चूक पाण्यात होते. ‘देशी आहे, जगेल’ म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात पाणी तोडले की रोप जाते. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर, दुसरा उन्हाळा आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाण्याने मुळे वरच राहतात. बुंध्यापासून चार बोटे सोडून तीन इंच पालापाचोळा पसरावा.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर नीट पाहावे : ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते, मोठी झाल्यावर हिरवी होते. मोठे झाड तिने पाने खाल्ली तरी पुन्हा फुटते, फवारणी नको. कळलावीची वेल पावसाळ्यानंतर वाळते, पण कंद जिवंत असतो, तो उपटू नये. कंद अत्यंत विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी कळलावी लावूच नये.