टिंडल यांचे मेमो

ऑफिसातल्या मेमोइतका रटाळ कागद दुसरा नसेल, असं मला वाटायचं. मग बिल टिंडल यांचे मेमो वाचनात आले. अपोलोच्या काळात लाँग आयलंडवरच्या बेथपेजमध्ये ग्रमन कंपनी चंद्रावर उतरायचं यान, म्हणजे लूनर मॉड्यूल, बांधत होती, त्यातल्या संगणकाचे प्रोग्रॅम एमआयटीत लिहिले जात होते आणि उड्डाणाची आखणी ह्यूस्टनला नासाच्या केंद्रात चालली होती. या सगळ्यांची मोट बांधायचं काम टिंडल यांच्याकडे होतं. बैठकीत काय ठरलं, कशावर घोडं अडलं, हे ते घरगुती बोलीत लिहून सगळ्यांना धाडत. त्या कागदांना लोक ‘टिंडलग्राम’ म्हणू लागले.

एक मेमो आहे इंधनाच्या दिव्याबद्दल. उतरायच्या इंजिनाच्या टाकीत साधारण 5.6 टक्के इंधन उरलं, की एक दिवा लागायचा. इथवर ठीक. पण तो दिवा मुख्य अलार्मलाही जोडलेला होता! म्हणजे सगळं अगदी सुरळीत चाललेलं असताना, जमीन हाताशी आलेली असताना नेमकी घंटा ठणाणणार. टिंडल यांनी लिहिलं, की हे बदललं नाही तर चंद्रावरच्या पहिल्या माणसाचे पहिले शब्द असतील, ‘बापरे, त्या अलार्मनं काय दचकवलं!’ शंभर पानी अहवालाला जे साधत नाही, ते या एका वाक्यानं साधतं.

(तो दिवा अपोलो 11 च्या वेळी जरा लवकरच लागला. टाकीत इंधन हिंदकळत होतं, त्यामुळे पातळी मोजणारा सेन्सर फसला. पुढं अपोलो 14 पासून टाकीत हिंदकळणं रोखणारे आडपडदे बसवले.)

माझा लाडका मेमो मात्र 1 ऑगस्ट 1969 चा. अपोलो 11 चं लूनर मॉड्यूल ‘ईगल’ चंद्रावर उतरून जेमतेम बारा दिवस झाले होते, आणि ते ठरल्या जागेच्या सुमारे 6 किलोमीटर पुढं उतरलं होतं. आता अपोलो 12 ला सर्व्हेयर 3 या 1967 पासून तिथं उभ्या असलेल्या यानाजवळ, चालत जाता येईल इतक्या अंतरावर उतरायचं होतं. टिंडल यांनी मेमोच्या मथळ्यातच सांगून टाकलं, की ही सर्व्हेयरशेजारी उतरू पाहणाऱ्या हौशी मंडळींसाठी छोटी कादंबरी आहे.

चूक येते कुठून? चंद्राच्या पोटात काही ठिकाणी जड वस्तुमान साचलेलं आहे, ते यानाला वाटेवरून किंचित ओढतं. शिवाय कक्षेत राहणारं आणि खाली उतरणारं अशी दोन यानं एकमेकांपासून सुटताना मधल्या बोगद्यात उरलेल्या हवेचा धक्काही बसतो. धक्का इवलासा, पण दोन तासांनी त्याचे किलोमीटर होतात.

चूक मोजणं तसं जमण्यासारखं होतं. गाडी जवळ येताना आणि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो, तशीच यानाच्या रेडिओलहरींची वारंवारताही बदलते. यान चंद्रामागून बाहेर आलं, की अपेक्षित आणि प्रत्यक्ष वारंवारतेतल्या फरकावरून ते किती पुढं-मागं आहे ते कळतं. अडचण दुरुस्तीची होती. यानाचं स्थान आणि वेग मिळून सहा आकडे होतात. उतरण्याच्या तोंडावर ते सगळे बदलायचे म्हणजे संकटाला आवतण.

मग तोड निघाली, आणि ती मला निव्वळ चलाखी वाटते. यान चुकीच्या जागी आहे हे संगणकाला सांगायचंच नाही. उतरायची जागाच सरकली आहे अशी थाप मारायची. त्याला एकच आकडा पुरतो. 19 नोव्हेंबर 1969 ला उतरण सुरू झाल्यावर ह्यूस्टननं तो आकडा वर कळवला, 4200 फूट. अंतराळवीरांनी तो कळपाटावर दाबला. यान आडवं होतं तोवर खालची जमीन दिसत नव्हती. ते उभं झालं आणि अपोलो 12 चे कमांडर पीट कॉनरॅड यांना खिडकीतून हवी ती विवरं दिसली, अगदी नाकासमोर.

अपोलो 12 चं लूनर मॉड्यूल ‘इंट्रेपिड’ सर्व्हेयरपासून जवळपास 160 मीटरवर उतरलं. पुढं सर्व्हेयरचे काही भाग पृथ्वीवर आणून तपासले, तेव्हा त्यांच्यावर इंट्रेपिडच्या इंजिनानं उडवलेल्या धुळीचे ओरखडे सापडले.