वाकडे पाऊल आणि हाडांवरील शस्त्रक्रिया : पार्श्वभूमी

आत व खाली वळलेले पाऊल सरळ करण्यासाठी हाड कापण्याची पद्धत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उघडी जखम पिकून रुग्ण दगावण्याची भीती एवढी असे की, शल्यविशारद हाडाच्या वाटेला जात नसत. जर्मनीतील स्ट्रोमायर यांनी १८३१ मध्ये त्वचेला अगदी बारीक छेद देऊन टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) आतल्या आत कापण्याची रीत सुरू केली, ती याच भीतीपोटी. लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांनी १८३६ मध्ये स्वतःचे वाकडे पाऊल त्यांच्याकडून सरळ करून घेतले आणि मायदेशी परतून या उपचारासाठी रुग्णालय उभारले.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली आणि मग हाडावर शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. अशा पावलाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते, त्यामुळे बाहेरून हाडाचा पाचरीसारखा तुकडा काढला की पाऊल सरळ होते. विसाव्या शतकात घोट्याखालचे तीन सांधे कायमचे जोडण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली आणि पोलिओने लुळ्या पडलेल्या असंख्य पावलांना तिने स्थैर्य दिले. १९५९ मध्ये शल्यविशारद ड्वायर यांनी उंच कमानीच्या पावलासाठी सांध्याला धक्का न लावता टाचेचेच हाड कापून तिचा कल बदलला. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतला हा सर्वांत शहाणपणाचा टप्पा होता, कारण जोडलेल्या सांध्याचा भार शेजारच्या सांध्यांवर पडतो आणि वर्षानुवर्षांनी ते झिजतात.

जन्मजात वाकडेपणाच्या, म्हणजे क्लबफूटच्या, बाबतीत मात्र दिशाच बदलली. अमेरिकेतील आयोवा येथे डॉक्टर पॉन्सेटी यांना आढळले की, शस्त्रक्रिया झालेली पावले पुढे ताठर आणि दुखरी होतात. तान्ह्या बाळाचे अस्थिबंध (हाडे एकमेकांना बांधणारे पट्टे) व कूर्चा (मऊ हाड) अजून लवचिक असतात, हे ओळखून त्यांनी दर आठवड्याला पाऊल हळुवार वळवून प्लास्टर बदलण्याची, गरज पडल्यास टाचेमागची कंडरा कापण्याची आणि नंतर काही वर्षे रात्री विशिष्ट बूट वापरण्याची पद्धत बसवली. तिला जगभर मान्यता मिळायला मात्र कित्येक दशके लागली.

हाडावरील शस्त्रक्रिया आता मुख्यतः उपचाराविना मोठ्या झालेल्या किंवा पुन्हा वळलेल्या पावलांसाठी उरली आहे. फार ताठर पावलांसाठी सैबेरियातील कुर्गान येथील डॉक्टर इलिझारोव्ह यांची, पायाभोवती बाहेरून बसवायची कड्या व तारांची चौकटही वापरतात. तिचे स्क्रू रोज थोडे थोडे फिरवत पाऊल आठवड्यांच्या अवधीत जागेवर आणले जाते.