गाडीतली टायरची घरघर: हे सगळं सुरू कुठून झालं

डांबरी रस्त्यावरून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रिटवर गाडी आली की आतला सूर एकदम बदलतो, मागच्या सीटवरून आई काहीतरी विचारते आणि मला दर वेळी "काय गं?" करावं लागतं. हा आवाज इंजिनचा नाही, टायर आणि रस्त्याचा आहे, आणि जुन्या काळी त्याची फारशी तक्रार नव्हती कारण तेव्हा इंजिनच इतकं बोंबलायचं की बाकी काही कानावर यायचंच नाही.

त्यामुळे आधी सगळे इंजिनच्याच मागे लागले. १९३१ मध्ये क्रायस्लरवाल्यांनी आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरी माउंटवर बसवलं, १९५८ च्या रोल्स-रॉइसच्या जाहिरातीत तर ताशी ६० मैलांना सगळ्यात मोठा आवाज गाडीतल्या घड्याळाचा येतो असं लिहिलं होतं.

पण त्याच काळात दोन गोष्टी अशा झाल्या की रस्त्याचा आवाज उलट आत शिरायला लागला. पहिली म्हणजे मोनोकॉक बॉडी. आधी खाली चॅसी म्हणजे वेगळा लोखंडी सांगाडा, वर बॉडी आणि मध्ये रबर असायचं. लॅन्सिया लॅम्ब्डा (१९२२), सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँ (१९३४) यांच्यापासून बॉडी हाच सांगाडा झाला, गाडी हलकी झाली, पण चाकाची थरथर सरळ पत्र्यात आली आणि फ्लोअर, छप्पर ढोलासारखे घुमू लागले. दुसरी म्हणजे रेडियल टायर, ज्याच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात. मिशेलिनने १९४६ ला पेटंट घेतलं, १९४९ ला विक्री सुरू केली. ग्रिप उत्तम, टिकायलाही दणकट, पण आतला स्टीलचा पट्टा कडक, त्यामुळे हळू चालवताना बारीकसारीक खडेही जाणवायचे, मग सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश मऊ करावे लागले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, आवाज दोन वाटांनी येतो. पत्र्यातून येते ती खालची घरघर, साधारण ३०० हर्ट्झच्या आतली, आणि हवेतून, काचा-रबरांतून येतो तो साधारण १००० हर्ट्झचा सूं आवाज. मी चारही दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारा जड थर) लावून घेतली, आधी बोटाने टकटक केलं की रिकामा डबा वाजायचा, आता 'ठप्प' वाजतं, दार बंद करताना तर फार छान वाटतं, पण घरघर तशीच राहिली कारण ती फ्लोअर आणि व्हील आर्चमधून (चाकावरच्या कमानीतून) येत होती.

टायरवाल्यांनीही बरंच केलंय. ट्रेडचे, म्हणजे टायरच्या बाहेरच्या नक्षीचे ठोकळे मुद्दाम कमीजास्त लांबीचे ठेवतात म्हणजे एकच शिट्टी वाजत नाही, आणि टायरच्या आतली हवा साधारण २०० हर्ट्झला घुमते म्हणून काही टायरमध्ये आतून फोम चिकटवतात.

आवाजाने आवाज मारायची कल्पना तर फार जुनी, जर्मनीच्या पाउल ल्युगला १९३६ ला तिचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं. पण रस्त्याचा आवाज क्षणाक्षणाला बदलतो, तेवढं झटपट गणित करणारी चिप तेव्हा होतीच कुठे! ह्युंदाईने जेनेसिस जीव्ही८० या गाडीत रस्त्याच्या आवाजासाठी हेच तंत्र आणलं, सस्पेन्शनजवळचे सेन्सर थरथर पकडतात आणि आवाज कानापर्यंत पोचायच्या आत स्पीकर उलटी लहर सोडतात, कंपनीच्या म्हणण्यानुसार ३ डेसिबल फरक पडतो. तेही फक्त खालच्या घरघरीला, वरच्या सूं आवाजासाठी अजूनही जाड काच आणि दाराचं चांगलं रबरच लागतं.