सोव्हिन्यो ब्लां आणि शेनिन ब्लां: नाशिकच्या टेस्टिंग फ्लाइटमधले दोन पांढरे ग्लास

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातील वायनरीत टेस्टिंगसाठी गेले की फ्लाइटमध्ये, म्हणजे ओळीने चाखायला दिल्या जाणाऱ्या लहान लहान मापांमध्ये, सुरुवातीच्या पांढऱ्या वाइन बहुधा सोव्हिन्यो ब्लां आणि शेनिन ब्लां या असतात. दोन्हींचा रंग फिकट, दोन्ही थंडगार दिलेल्या आणि दोन्ही आंबटसर. त्यामुळे दुसरा ग्लास हातात येईपर्यंत पहिला कसा होता हेच अनेकांना आठवत नाही. माझ्या मते नाशिकच्या फ्लाइटमधली सर्वांत आनंददायक तुलना याच जोडीची आहे; पुढच्या लाल वाइनकडे जाण्याची घाई करणाऱ्यांच्या हातून ती निसटते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही दोन्ही द्राक्षे फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यात शतकानुशतके पिकत आली आहेत. तिथले सांसेर हे गाव सोव्हिन्योसाठी ओळखले जाते, तर वूव्रे शेनिनसाठी. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी सुला वायनयार्ड्समध्ये 1997 च्या सुमारास या दोन्ही जातींची लागवड केली आणि 2000 मध्ये त्यांच्या वाइन बाजारात आल्या. इथला हंगाम मात्र युरोपच्या उलट चालतो: एप्रिलमध्ये वेलीला नव्या फांद्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळ धरण्यासाठी गोडी छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडणी. हिवाळ्यातल्या थंड रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवून धरतात; फेब्रुवारी संपता संपता ऊन वाढले की साखर भराभर चढते आणि आम्लता उतरू लागते. सोव्हिन्योला हे ऊन अधिक जाचते, कारण तिची ओळख असलेला हिरवा वास मेथॉक्सीपायरॅझिन या संयुगांमुळे येतो आणि घड पिकत जातील, त्यांच्यावर ऊन पडत राहील, तशी ही संयुगे कमी होत जातात. म्हणून तोडणीची वेळ साधणे सोव्हिन्योच्या बाबतीत फार मोलाचे ठरते. शेनिनची आम्लता मुळातच दांडगी असल्याने ती उष्ण हवेतही बऱ्यापैकी तग धरते.

आता ग्लासकडे वळू. सोव्हिन्यो नाकापाशी नेताच बोलू लागते: ढोबळी मिरचीचा कापलेला काप, नुकतेच कापलेले गवत, त्यामागे पेरू किंवा पॅशन फ्रूट. ग्लास अगदी थंड असला तरी हा वास दबत नाही. शेनिन तुलनेने अबोल असते. सुरुवातीला हिरवे सफरचंद आणि नासपती इतकेच जाणवते. पण ग्लासचा गोल भाग तळहातांत धरून पाच-दहा मिनिटे थांबले, की फळ पिकल्यासारखे वाटू लागते आणि काही वाइनमध्ये मधाची किंचित झाकही येते. फ्लाइटमध्ये ग्लास समोरच राहतात, त्यामुळे शेनिन एका दमात न संपवता तिच्याकडे पुन्हा वळावे. वाट पाहण्याचे चीज होते.

सर्वांत मोठा घोटाळा गोडीबाबत होतो. सोव्हिन्योला पेरूचा वास येतो म्हणून पाहुणे तिला गोड म्हणतात, आणि शेनिनला फारसा वास नसल्याने ती कोरडी असेल असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट असते. सोव्हिन्यो सहसा कोरडी असते, म्हणजे किण्वनात तिच्यातली जवळपास सगळी साखर संपलेली असते. युरोपीय नियमांत कोरड्या वाइनसाठी साखरेची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 4 ग्रॅम आहे. भारतातल्या अनेक शेनिनमध्ये मात्र थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवली जाते. ती चटकन कळत नाही, कारण कैरीच्या पन्ह्यातल्याप्रमाणे इथेही आंबटपणा गोडी झाकतो. खात्री करून घ्यायची असल्यास नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. वास बंद झाला की सोव्हिन्योचा पेरू नाहीसा होतो आणि उरतो तो निव्वळ आंबटपणा. शेनिनमध्ये मात्र जिभेवर गोडी तशीच राहते. टेस्टिंग रूममध्ये असे करताना संकोच वाटतो खरा, पण वासातली गोडी आणि साखरेची गोडी यांतला फरक इतक्या लख्खपणे दुसऱ्या कोणत्याही रीतीने कळत नाही.

यासाठी वाढणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन्ही वाइन एकदमच, वेगवेगळ्या ग्लासांत ओतायला सांगावे. आधी दोन्हींचा केवळ वास घ्यावा, मग सोव्हिन्योपासून चाखायला सुरुवात करावी. हा क्रम उलटला तर शेनिनच्या साखरेनंतर सोव्हिन्यो विनाकारण बोचरी वाटते, आणि दोष वाइनचा आहे असा चुकीचा समज होतो. मधूनमधून पाणी प्यावे आणि साधा पाव खावा. तिखट शेंगदाणे किंवा मसालेदार चिवडा फ्लाइट संपेपर्यंत दूर ठेवलेला बरा. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असे नाही. थुंकण्यासाठी भांडे मागण्यात कसलाही कमीपणा नाही आणि परतताना गाडी चालवणाऱ्याने तर चाखण्याच्या फंदातच पडू नये.

तुलना संपल्यावर जेवायला बसायचे असेल, तर कोथिंबीर वडीसोबत सोव्हिन्यो घ्यावी, कारण दोघींचा हिरवा वास एकमेकांना उचलून धरतो. ठेचा किंवा झणझणीत रस्सा असल्यास किंचित गोड शेनिन बरी, कारण तिच्यातली साखर तिखटाची धार बोथट करते. यादीत लेट हार्वेस्ट शेनिन असेल, तर ती मात्र या जोडीत मिसळू न देता अगदी शेवटी मागावी. घड वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढलेल्या द्राक्षांची ती वाइन असते आणि तिच्यानंतर कोणतीही कोरडी वाइन जिभेला धड लागत नाही.