खाड्याचे पैसे: रग्बी युनियनच्या पगारी खेळाडूची पार्श्वभूमी

रग्बी युनियन (रग्बीचा पंधरा-पंधरा खेळाडूंचा मूळ प्रकार) खेळून उघडपणे पोट भरता येऊ लागलं त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. २६ ऑगस्ट १९९५ ही ती तारीख. त्याआधी शंभर वर्षं खेळाचे पैसे घेणं हा या खेळात अपराध होता आणि त्याची शिक्षा म्हणजे आजन्म बंदी. आजच्या खेळाडूची कारकीर्द बेभरवशाची का, हे समजून घ्यायचं तर त्या शंभर वर्षांकडे पाहावं लागतं. ती किती घाईगर्दीत संपली, हे तर त्याहून महत्त्वाचं.

सगळा वाद सुरू झाला मजुरीच्या खाड्यावरून. १८७१ साली लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली, तेव्हा खेळणारे बहुतेक जण खर्चिक खासगी शाळांतून शिकलेले, खाऊनपिऊन सुखी घरांतले होते. पुढच्या वीस वर्षांत यॉर्कशर आणि लँकशरच्या गिरणी कामगारांनी, खाण कामगारांनी हा खेळ आपलासा केला. त्यांना शनिवारीही अर्धा दिवस कामावर जावं लागे. दुपारी लांबच्या गावी सामना असला की सकाळची मजुरी बुडाली, आणि पाय मोडला तर कित्येक आठवड्यांची. उत्तरेकडचे क्लब पगार मागत नव्हतेच. खेळापायी पडलेला खाडा तेवढा भरून देण्याची परवानगी त्यांना हवी होती. १८९३ च्या सभेत ही मागणी २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. हौशी खेळाचं पावित्र्य राखायला हवं, असं विरोधकांचं म्हणणं. ज्यांच्या घरची चूल एका दिवसाच्या मजुरीवर अवलंबून नव्हती त्यांना हे पावित्र्य फुकटात परवडत होतं. त्याची किंमत भरायची ती इतरांनी.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तरेकडच्या वीसेक क्लबांच्या प्रतिनिधींनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. खाड्याचे दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग देता येतील, असं त्यांनी ठरवलं. पुढे या फुटून निघालेल्या मंडळींनी १९०६ पासून पंधराऐवजी तेरा खेळाडूंचे संघ केले, नियम बदलले, आणि त्यातून ‘रग्बी लीग’ हा निराळाच खेळ उभा राहिला.

युनियनने मात्र दार घट्ट लावून घेतलं. लीगमध्ये गेलेल्याला परतीची वाट नव्हती. याचा सर्वांत मोठा फटका वेल्सला बसला. तिथे रग्बी हा खाणींच्या खोऱ्यांतला खेळ, आणि १९३० च्या दशकात मंदीने रोजगार गेले तेव्हा चांगले चांगले खेळाडू पोटासाठी उत्तर इंग्लंडच्या लीग क्लबांकडे गेले. हा ओघ पुढेही थांबला नाही. वेल्सचा कर्णधार राहिलेला जोनाथन डेव्हिस १९८९ मध्ये विड्नेस या लीग क्लबला गेला आणि वेल्सच्या युनियन संघाची दारं त्याला बंद झाली. तो परत येऊ शकला १९९५ मध्ये, बंदी उठल्यावर.

बंदी असली तरी पैसे चोरवाटेने फिरतच होते. सामन्यानंतर बुटात नोटा सापडत, असं त्या काळचे खेळाडू सांगतात. फ्रान्समध्ये क्लब खेळाडूंना पैसे देतात, या तक्रारीवरून (मैदानावरची हाणामारी हे दुसरं कारण) ब्रिटन आणि आयर्लंडच्या संघटनांनी १९३१ मध्ये फ्रान्सशी संबंध तोडले. फ्रान्स या देशांच्या वार्षिक स्पर्धेत परतला तो १९४७ मध्ये. नियम किती टोकाला जाऊ शकतो हे बिल ब्युमाँटच्या उदाहरणावरून कळतं. १९८० मध्ये इंग्लंडला ग्रँड स्लॅम (म्हणजे त्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने) जिंकून देणारा हा कर्णधार. डोक्याला वारंवार मार बसल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्यावरून १९८२ मध्ये त्याने खेळ सोडला, आत्मचरित्र लिहिलं आणि त्याचं मानधन घेतलं. तेवढ्यावरून तो ‘व्यावसायिक’ ठरला आणि खेळाच्या कारभारातून बाहेर पडला.

१९८७ मध्ये पहिला विश्वचषक झाला आणि दूरचित्रवाणीचा पैसा दिसू लागला. खेळाडूंनी मात्र नोकरी सांभाळून, रजा टाकून खेळायचं. हे फार काळ टिकणारं नव्हतं. १९९५ च्या विश्वचषकात, केपटाउनच्या उपांत्य सामन्यात, वीस वर्षांच्या जोना लोमूने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) केले. आठवड्याभरात, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघटनांनी रुपर्ट मरडॉकच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांचा ५५ कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार जाहीर केला. तिकडे क्रिकेटमध्ये १९७७ साली खळबळ उडवणाऱ्या केरी पॅकरच्या पाठबळाने ‘वर्ल्ड रग्बी कॉर्पोरेशन’ नावाची योजना नामवंत खेळाडूंना गुपचूप करारबद्ध करत होती. खेळाडू हातचे जाण्याची वेळ आली, तेव्हा पॅरिसच्या बैठकीनंतर आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाचे (आजची ‘वर्ल्ड रग्बी’ ही संस्था) व्हर्नन प्यू यांनी रग्बी ‘खुला’ झाल्याचं जाहीर केलं. हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

माझ्या मते आजच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथे आहे. शतकभर अडवून धरलेली गोष्ट काही आठवड्यांत मान्य झाली, तयारी कुणाचीच नव्हती. न्यूझीलंडमध्ये राष्ट्रीय संघटनेने खेळाडूंशी करार केले. ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, खेळायचं तर मायदेशातच खेळायचं, ही अट त्यातूनच घट्ट झाली. इंग्लंडच्या संघटनेने विचार करायला वर्षभराची मुदत मागितली. त्या वर्षात धनिक मालकांनी क्लब घेतले आणि खेळाडूंना नोकरीवर ठेवलं. तेव्हापासून तिथल्या खेळाडूचा पगार क्लबच्या तिजोरीवर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन हंगामात वूस्टर वॉरियर्स या क्लबच्या खेळाडूंचे करार संपुष्टात आले. त्याच महिन्यात १८६७ साली स्थापन झालेला वॉस्प्स क्लब दिवाळखोरीत गेला आणि खेळाडू व कर्मचारी मिळून १६७ जणांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी लंडन आयरिशवर तीच वेळ आली.

शरीराची गोष्ट तर याहून जिव्हारी लागणारी. खेळाडू पूर्णवेळ झाला म्हणजे व्यायाम वाढला, वजन वाढलं आणि धडकाही वाढल्या. १९९६ पासून डावपेचासाठी बदली खेळाडू उतरवता येऊ लागले. दमलेल्यांसमोर ताज्या दमाचे धिप्पाड गडी येऊ लागले. पगारी खेळाडूंच्या या पहिल्या पिढीतला स्टीव्ह थॉम्पसन २००३ मध्ये इंग्लंडच्या विश्वविजेत्या संघाचा हूकर (झटापटीच्या पहिल्या रांगेत मधोमध खेळणारा) होता. डिसेंबर २०२० मध्ये, चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्याचं त्याने जाहीर केलं. तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला काहीच आठवत नाही, असं तो म्हणाला. त्याने आणि इतर माजी खेळाडूंनी वर्ल्ड रग्बी आणि इंग्लंड-वेल्सच्या संघटनांविरुद्ध कायदेशीर कारवाई सुरू केली.

सप्टेंबर २०२१ मध्ये वर्ल्ड रग्बीने सरावासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: पूर्ण ताकदीने अंगावर जाण्याचा सराव आठवड्याला १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. तेव्हा त्या संस्थेच्या अध्यक्षपदी होते बिल ब्युमाँट.