कान आणि स्पीकर यांच्यामधले टेबल

घरातल्या एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करायची ठरली की माइक कोणता, त्याला संगणकाशी जोडणारा इंटरफेस कोणता, मॉनिटर स्पीकर किती इंचांचे यावर महिनोन्महिने खल होतो आणि टेबल मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत जे मावेल ते, असे निवडले जाते. भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हा क्रम उलटा आहे. ऐकणाऱ्याच्या कानापासून हातभर अंतरात असलेला सर्वांत मोठा, सपाट आणि कठीण पृष्ठभाग म्हणजे टेबलाची फळी, आणि ती नेमकी कान आणि स्पीकर यांच्या मधोमध पसरलेली असते. भिंती दूर असतात, छत त्याहून दूर असते आणि त्यांच्यावर ध्वनिशोषक लावता येतात. टेबलावर मात्र काम करायचे असल्यामुळे ते झाकून टाकता येत नाही.

टेबल नक्की काय करते हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके मिळून समभुज त्रिकोण व्हावा, ही मांडणी सर्वमान्य आहे. त्या त्रिकोणाची बाजू 120 सेंटीमीटर धरू. टेबलाची उंची 73 सेंटीमीटर, तर कान आणि स्पीकरमधला ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, हे दोन्ही जमिनीपासून 115 सेंटीमीटरवर, म्हणजे फळीपासून 42 सेंटीमीटर वर आहेत. स्पीकरमधून थेट कानाकडे येणारा आवाज 120 सेंटीमीटर प्रवास करतो; फळीवर आपटून येणारा आवाज मात्र सुमारे 146.5 सेंटीमीटर चालून येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असल्याने हे 26.5 सेंटीमीटरचे जादा अंतर कापायला त्याला पाऊण मिलिसेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. म्हणजे एकच आवाज कानाशी दोनदा पोहोचतो, आणि दुसऱ्या खेपेला अगदी थोडासा उशिरा.

हा उशीर नगण्य वाटतो, पण ज्या स्वराचे अर्धे कंपन तेवढ्याच वेळात पूर्ण होते त्या स्वराच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. आपल्या उदाहरणात ही वारंवारता सुमारे 650 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 650 कंपने, येते. तिथे थेट लहरीचा उंचवटा आणि परावर्तित लहरीचा खळगा एकाच क्षणी कानाशी येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. हेच पुढे तिप्पट वारंवारतेला, म्हणजे 1,940 हर्ट्झच्या आसपास, आणि पाचपट वारंवारतेला, म्हणजे 3,240 हर्ट्झच्या आसपास घडते. या खळग्यांच्या मधल्या जागी दोन्ही लहरी हातात हात घालून येतात आणि आवाज फुगतो. परावर्तित आवाज थेट आवाजापेक्षा 6 डेसिबल कमी असला तरी फुगवटे साडेतीन डेसिबलचे आणि खळगे 6 डेसिबलचे पडतात. याचा आलेख कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून या परिणामाला कोम्ब फिल्टरिंग असे नाव पडले आहे.

आता 650 हर्ट्झ ही काही कोपऱ्यातली वारंवारता नव्हे. पुरुषाच्या आवाजातल्या ‘आ’ या स्वराचा पहिला ठळक पट्टा 700 हर्ट्झच्या आसपास असतो. टेबलाने तिथेच खळगा पाडला, की मिक्सिंग करणाऱ्याला, म्हणजे मुद्रित आवाजांचा मेळ घालणाऱ्याला, गायकाचा आवाज पोकळ वाटतो. तो इक्वलायझरने, म्हणजे हवी ती वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, तो भाग उचलतो, समाधानाने फाइल बंद करतो, आणि तेच गाणे दुसऱ्या खोलीत किंवा हेडफोनवर ऐकले की गायक डब्यात तोंड घालून गात असल्यासारखा वाटतो. दोष रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच. तो टेबलात होता, आणि तो दुरुस्त करायला जाऊन माणसाने रेकॉर्डिंग बिघडवले.

हा दुसरा आवाज वेगळा ऐकू का येत नाही, असा प्रश्न साहजिकच पडेल. हेल्मुट हास यांनी 1949 साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की थेट आवाजामागून थोड्याच मिलिसेकंदांत येणारी प्रतिकृती मेंदू वेगळा प्रतिध्वनी म्हणून नोंदवत नाही, ती मूळ आवाजातच विरघळवून टाकतो. टेबलाचा अपराध त्यामुळे उघडकीस येत नाही. तो केवळ आवाजाचा रंग बदलतो, आणि तो रंग स्पीकरचाच आहे अशी आपली समजूत होते.

हा अपराध पकडण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला आरशाचा. एक छोटा आरसा टेबलावर पालथा न ठेवता तोंड वर करून ठेवावा, नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्या कोणाला तो फळीवरून हळूहळू सरकवायला सांगावे. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसतो, तिथूनच आवाजही कानाकडे उसळतो आहे. आपल्या उदाहरणात ही जागा कानापासून 52 सेंटीमीटर पुढे आणि मध्यरेषेपासून 30 सेंटीमीटर डावी-उजवीकडे निघते. दुसरा मार्ग त्याहून मजेशीर आहे. स्पीकरवर पिंक नॉइज, म्हणजे पावसाच्या सरीसारखा एकसंध सळसळाट, हळू आवाजात लावावा आणि खुर्चीवर बसल्या बसल्या डोके सावकाश वर-खाली करावे. सळसळाटाचा पोत बदलत गेला, विमान डोक्यावरून जाताना येतो तसा सरकता सूर त्यात ऐकू आला, तर ते कंगव्याचे दात सरकत आहेत. गिटार वाजवणारे ज्या फ्लँजर नावाच्या इफेक्टसाठी पैसे मोजतात, तो याच तत्त्वावर चालतो. टेबल तो फुकट देते, पण बंद करायची सोय देत नाही. मग फळीवर जाड गादी पसरून पुन्हा ऐकावे. फरक कानाला लगेच कळतो.

गादीवरून अनेकांना वाटते की टेबलावर एखादे जाडसर कापड किंवा रबरी मॅट अंथरली की काम झाले. तसे होत नाही. सच्छिद्र पदार्थ ध्वनी चांगला शोषतो तो त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असेल तेव्हा. 1,000 हर्ट्झची तरंगलांबी सुमारे 34 सेंटीमीटर असते, म्हणजे जाडी साडेआठ सेंटीमीटर हवी. तीन मिलिमीटरची मॅट अगदी वरच्या, सिसकारीच्या स्वरांना थोडेफार मवाळ करील, पण 650 हर्ट्झच्या खळग्याला तिचा पत्ताही लागणार नाही.

उपाय टेबलाच्या आकारात आहे. ध्वनीच्या तरंगलांबीपेक्षा लहान असलेली वस्तू त्या ध्वनीला आरशासारखी परतवू शकत नाही. लहरी तिला वळसा घालून पुढे जातात. 650 हर्ट्झची तरंगलांबी 53 सेंटीमीटर आहे. त्यामुळे पुढून मागे 50 सेंटीमीटर असलेली फळी त्या भागात 90 सेंटीमीटरच्या फळीइतकी उपद्रवी ठरत नाही. स्पीकर टेबलावरून काढून मागे स्वतंत्र स्टँडवर नेले आणि त्रिकोणाची बाजू 160 सेंटीमीटर केली, तर परावर्तनाचा बिंदू कानापासून 69 सेंटीमीटर पुढे सरकतो; कान टेबलाच्या पुढच्या कडेपासून पंधरा सेंटीमीटर मागे असतील, तर 50 सेंटीमीटरची फळी त्याआधीच संपलेली असते. अर्थात कड ओलांडली म्हणून परावर्तन दिवा मालवल्यासारखे नाहीसे होत नाही, लहरी तेवढ्या काटेकोर नसतात. पण ते बरेच दुबळे होते. माझ्या मते घरच्या स्टुडिओसाठी स्वतंत्र स्टँड आणि अरुंद टेबल ही जोडी कोणत्याही देखण्या ‘प्रोड्यूसर डेस्क’पेक्षा सरस ठरते, आणि ज्या टेबलावर सामान ठेवायला जागाच नाही त्यावर सामान साचतही नाही, हा वरचा फायदा.

फळीला उतार देणे हा दुसरा उपाय. मागची कड वर आणि पुढची कड खाली असा 10 अंशांचा उतार दिला, की त्याच बिंदूवरून उसळणारा आवाज 20 अंशांनी खाली झुकतो आणि कानाऐवजी छातीवर आदळतो. स्टुडिओतल्या जुन्या मोठ्या मिक्सिंग कन्सोलचा, म्हणजे बटणांनी भरलेल्या मेजाचा, पृष्ठभाग उतरता असतो तो मुख्यतः बटणांपर्यंत हात पोहोचावा म्हणून, पण ध्वनीच्या बाजूनेही तो उतार कामी येतो. घरात मात्र उतरत्या फळीवर माउस आणि पेन्सिल दोन्ही घरंगळतात.

खालच्या स्वरांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या खळग्याच्या खाली थेट आणि परावर्तित लहरी जवळजवळ एकाच चालीने येतात आणि एकमेकींत मिळतात, त्यामुळे टेबलावर ठेवलेला स्पीकर 100 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात जाडा वाजतो. उत्पादकांना हे ठाऊक आहे. जेनेलेक या कंपनीच्या अनेक स्पीकरच्या पाठीवर 160 हर्ट्झच्या आसपासचा भाग 4 डेसिबलने उतरवणारा ‘डेस्कटॉप’ स्विच असतो, तो याचसाठी. यामाहाचे एनएस-10 हे 1978 साली घरगुती वापरासाठी आलेले स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंत कन्सोलच्या माथ्यावर जाऊन बसले. म्हणजे ध्वनिमुद्रकांच्या कितीतरी पिढ्यांनी स्पीकर ऐकला तो कन्सोलच्या परावर्तनासकट. त्यांना तो आवाज अंगवळणी पडला होता, आणि सवयीने बऱ्याच चुका भरून निघतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याकडे ती सवय नसते.

स्पीकर टेबलावरच ठेवावे लागले तर फळी स्वतःही वाजू लागते. एर्न्स्ट क्लाडनी यांनी 1787 साली धातूच्या तबकडीवर वाळू पसरून तिच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढला, तेव्हा वाळू काही रेषांवर गोळा होऊन सुंदर नक्षी उमटली होती. जिथे तबकडी स्थिर तिथे वाळू, जिथे ती थरथरते तिथे काही नाही. टेबलाची फळी ही तशीच, पण बेढब तबकडी आहे. ती कोणत्या सुरांना थरथरते हे शोधायला नुसत्या शुद्ध सुराची 40 ते 300 हर्ट्झपर्यंत चढत जाणारी पट्टी वाजवून पाहावी. एका ठिकाणी ड्रॉवरमधले स्क्रू नाचू लागतील, दुसऱ्या ठिकाणी स्क्रीनचा पाय किणकिणेल, तिसऱ्या ठिकाणी फळीवर ठेवलेल्या तळहाताला मुंग्या आल्यासारखे वाटेल. मोकळे खण आणि पत्र्याचे ड्रॉवर या बाबतीत सर्वांत वाईट.

फळीचा ताठपणा ही इथे कळीची बाब आहे. दोन टोकांवर टेकलेल्या फळीच्या मध्यावर तेवढेच वजन ठेवले, तर तिचा झोल लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. 120 ऐवजी 180 सेंटीमीटरची फळी घेतली तर झोल जवळजवळ साडेतीनपट; 18 मिलिमीटरऐवजी 25 मिलिमीटर जाडी घेतली तर तो पावणेतीनपट कमी. लाकडाच्या भुश्यापासून दाबून केलेला पार्टिकल बोर्ड तर वजनाखाली वर्षानुवर्षे हळूहळू वाकतच राहतो. मागच्या कडेखाली उभी लाकडी पट्टी ठोकली की साधी फळीही पुष्कळ ताठ होते, आणि हे काम घरी करता येते. याच टेबलाला माइकचा हात चिमट्याने बसवायचा असेल तर हा ताठपणा दुप्पट महत्त्वाचा; बोटाने फळीवर धरलेला ताल रेकॉर्डिंगमध्ये ढोलासारखा उतरतो.

कीबोर्ड वाजवणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. 88 पट्ट्यांच्या वाद्यात 52 पांढऱ्या पट्ट्या असतात, प्रत्येकी साडेतेवीस मिलिमीटर. म्हणजे पट्ट्यांचीच रुंदी 122 सेंटीमीटर, आणि वाद्याची त्याहून जास्त. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 73 सेंटीमीटरवर असतात. वाद्य टेबलावर ठेवले तर पट्ट्या 83 सेंटीमीटरवर जातात आणि मनगटे दुखतात. सरकत्या ट्रेवर खाली ठेवले, तर 73 सेंटीमीटर उंचीच्या टेबलात फळीची जाडी, वाद्याची 13 सेंटीमीटर उंची आणि ट्रे वजा जाता मांड्यांसाठी जेमतेम 55 सेंटीमीटर उरतात, आणि बसलेल्या माणसाच्या मांड्यांचा वरचा भाग 55 ते 60 सेंटीमीटरवर असतो. शिवाय ट्रे ओढला की माणूस 35 सेंटीमीटर मागे ढकलला जातो. 120 सेंटीमीटरच्या त्रिकोणात दोन स्पीकरमधला कोन 60 अंशांवरून 47 अंशांवर येतो आणि डावी-उजवी बाजू आक्रसते. वाजवणे आणि मिक्सिंग ही दोन वेगळी कामे आहेत हे मान्य करून वाद्याला बाजूला स्वतःचा स्टँड देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

एल आकाराच्या टेबलाबद्दल एवढेच, की त्याची एक बाजू आवाज परतवते आणि दुसरी नाही, त्यामुळे डाव्या आणि उजव्या कानाला दोन वेगळे स्पीकर ऐकू येतात. रॅकची, म्हणजे चौकटीत एकावर एक बसवायची, उपकरणे असतील तर त्यांची रुंदी 482.6 मिलिमीटर आणि रॅकमधल्या एका घराची उंची 44.45 मिलिमीटर ही ठरलेलीच असते, पण ती घरे डोळ्यांसमोर उभी न करता फळीखाली किंवा बाजूला असावीत.

टेबल विकत घेण्याआधी खोलीत बसण्याची जागा ठरवावी, आणि ती लांबीच्या बरोबर मध्यावर नसावी, कारण तिथे खोलीचा सर्वांत खालचा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. चार मीटर लांबीच्या खोलीत हा सूर 43 हर्ट्झचा असतो. मग स्पीकर स्टँडवर ठेवून टेबलाशिवायच आठवडाभर ऐकावे, लॅपटॉप मांडीवर घेऊन. त्यानंतर मनात असलेल्या टेबलाच्या मापाची प्लायवूडची फळी दोन उंच स्टुलांवर टाकावी, पिंक नॉइज लावावा, आणि ती फळी दुसऱ्या कोणाकडून काढून-घालून घ्यावी, डोळे मिटून.