जुनी फाउंटन पेने : पार्कर ५१ आणि त्याच्या दुर्मीळ प्रकारांची पारख

उत्पादन थांबलेली शाईची पेने जमवणे, ती दुरुस्त करून पुन्हा लिहिती करणे आणि एकाच नमुन्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या ओळखणे, या तीन गोष्टी मिळून जुन्या फाउंटन पेनांच्या संग्रहाचा छंद घडतो. मराठीत फाउंटन पेनला ‘झरणी’ असा शब्द आहे, पण बोलण्यात ‘शाईचे पेन’ हेच नाव रुळले. निब, तिच्याखालची जीभ, नळी आणि टोपण ही भागांची नावे ज्यांनी शाळेत अशी पेने वापरली त्यांच्या तोंडी आजही आहेत. वरील तीन गोष्टींपैकी तिसरी सर्वांत अवघड आहे. पेन हे आट्या, चाप आणि चपडा लाखेच्या जोडांनी एकत्र आलेल्या सुट्या भागांचे बनलेले असते, आणि एका पेनाचा भाग दुसऱ्यात सहज बसतो. म्हणून एखादी दुर्मीळ खूण सापडली एवढ्यावर पेन दुर्मीळ ठरत नाही; टोपणापासून निबेच्या शेपटीपर्यंतचे सगळे भाग एकाच काळातले आहेत, हे आधी पटावे लागते. या पारखेचा उत्तम वस्तुपाठ म्हणजे अमेरिकेतील ‘पार्कर ५१’ हे पेन.

जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांनी १८८८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल येथे पार्कर कंपनी स्थापन केली. नव्या पेनाची घडण १९३९ मध्ये, म्हणजे कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी पूर्ण झाली आणि त्यावरून त्याला ५१ हा आकडा मिळाला. ते अमेरिकेच्या बाजारात १९४१ मध्ये आले. त्याच्या जन्माचे कारण शाईत होते. कागदावर पडताच वाळणारी शाई पार्करने तयार केली होती, पण ती तीव्र अल्कधर्मी असल्याने तेव्हाच्या पेनांच्या सेल्युलॉइड या प्लास्टिकला खाऊन टाकत असे. म्हणून नळीसाठी ल्युसाइट हे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक निवडले गेले. लवकर वाळणारी शाई उघड्या निबेवरही वाळणार, म्हणून निब जवळजवळ पूर्ण झाकली गेली. सोन्याची लहानशी नळीसारखी निब एका निमुळत्या आवरणाखाली असते आणि तिच्याभोवती बारीक पात्यांचा शाई धरून ठेवणारा भाग असतो, त्यामुळे टोक ओले राहते. टोपणाला आट्या नाहीत. ते सरकवून बसवायचे आणि आतला चाप त्याला धरून ठेवतो. ज्यांनी आट्यांचे टोपण फिरवत परीक्षेतील मिनिटे घालवली आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

ओळखीची सुरुवात शाई भरण्याच्या पद्धतीपासून करावी. १९४१ ते १९४८ या काळातील अमेरिकी ५१ ‘व्हॅक्युमॅटिक’ पद्धतीची आहेत. नळीच्या मागच्या टोकाचे छोटे झाकण फिरवून काढले की एक दट्ट्या दिसतो. तो दाबून सोडला की आतला रबरी पडदा खाली-वर होतो, हवा बाहेर पडते आणि आतल्या बारीक नळीतून शाई वर चढते. हीच क्रिया आठ-दहा वेळा केली की पेन भरते. पहिल्या वर्षीच्या पेनांत हा दट्ट्या अ‍ॅल्युमिनियमचा होता. युद्धामुळे धातूची टंचाई झाली आणि तो प्लास्टिकचा झाला. १९४८ पासून ‘एअरोमेट्रिक’ पद्धत आली. तिच्यात मागे झाकण नसते. नळी काढली की धातूचे एक कवच, त्यावर दाबायची पट्टी आणि भरण्याच्या सूचना कोरलेल्या दिसतात, आणि आत पारदर्शक प्लास्टिकची पिशवी असते. या पिशवीच्या टिकाऊपणाविषयी कितीही चांगले बोलले तरी थोडेच आहे. सत्तर वर्षांपूर्वीची पिशवी नुसत्या पाण्याने धुतली की पुन्हा शाई ओढू लागते, हे अनेक संग्राहकांच्या अनुभवाचे आहे. व्हॅक्युमॅटिकचा रबरी पडदा मात्र कडक होऊन फाटतो आणि तो बदलल्याशिवाय पेन चालत नाही.

या दोन पद्धतींच्या मधोमध एक अल्पजीवी प्रयोग झाला. संग्राहक त्याला ‘रेड बँड’ म्हणतात, कारण मागच्या झाकणाखाली लाल रंगाची धातूची कडी दिसते. १९४६ च्या सुमारास आलेली ही बटण दाबून शाई भरण्याची पद्धत सदोष निघाली आणि कंपनीने ती लवकरच बंद केली. मूळ यंत्रणेसह टिकलेली पेने म्हणूनच कमी आहेत. येथे एक सावधगिरी घ्यावी लागते : लाल कडी असलेल्या नळीत नंतरच्या काळातील यंत्रणा बसवलेली असू शकते. विक्रेता फक्त कडी दाखवत असेल, तर आतला भाग उघडून दाखवण्याची विनंती करावी.

व्हॅक्युमॅटिक ५१ चा काळ ठरवण्यासाठी एक सुंदर साधन कंपनीनेच देऊन ठेवले आहे. नळीवर, टोपण बसते त्या धातूच्या कडीजवळ, कंपनीचे नाव व देशाचे नाव बारीक अक्षरांत उमटवलेले असते आणि त्याच्या शेवटी एक आकडा असतो. तो वर्षाचा शेवटचा अंक. अंकाभोवतालचे ठिपके तिमाही सांगतात : तीन ठिपके असतील तर पहिली तिमाही, दोन असतील तर दुसरी, एक असेल तर तिसरी, आणि ठिपका नसेल तर चौथी. म्हणजे ‘४’ आणि त्याच्याजवळ दोन ठिपके दिसले, तर ती नळी १९४४ च्या दुसऱ्या तिमाहीतली. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात दहापट भिंग, तिरपा उजेड आणि थोडी चिकाटी लागते. पेन डोळ्याजवळ धरून खिडकीकडे पाठ करावी आणि नळी सावकाश फिरवावी. एका विशिष्ट कोनात अक्षरे क्षणभर सावलीसारखी उठतात आणि पुन्हा मिटतात. कुणी पूर्वी पॉलिश जोरात केले असेल, तर आधी ठिपके जातात, मग अंक, आणि शेवटी नाव. म्हणून चकाकणारे जुने पेन पाहून हरखून जाण्यापूर्वी ही अक्षरे शाबूत आहेत का ते पाहावे. माझ्या मते थोडे ओरखडे असलेले पण ठसठशीत छाप असलेले पेन केव्हाही अधिक मोलाचे.

आकडा मिळाला तरी तो फक्त नळीचे वय सांगतो. टोपणाची साक्ष वेगळी घ्यावी लागते. क्लिपवरचा निळ्या हिऱ्याचा आकार म्हणजे आजीवन हमीची खूण. ती चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाली. म्हणून १९५० च्या दशकातल्या एअरोमेट्रिक पेनावर निळा हिरा दिसला, तर टोपण बदललेले असण्याचा संशय रास्त ठरतो. पूर्ण आकाराच्या ५१ ची टोपणे एकमेकांना बसतात आणि टोपण हाच सर्वांत जास्त हरवणारा, ठेचला जाणारा भाग असल्याने ही अदलाबदल फार झाली आहे. साधे टोपण मॅट पोलादाचे, त्याहून महाग टोपण सोन्याच्या मुलाम्याचे किंवा चांदीचे, आणि भरीव सोन्याची टोपणे मोजकी. पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीमुळे ‘एम्पायर’ म्हटले जाणारे सोन्याचे टोपण त्यांत सर्वांत जास्त शोधले जाते. एखादे एम्पायर टोपण साध्या काळ्या नळीवर बसलेले दिसले, की दोन्ही एकत्र कारखान्याबाहेर पडले होते का हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा कागदपत्रांशिवाय मिळत नाही, आणि किंमत देताना ते लक्षात ठेवणे भाग आहे.

नळीच्या आणि टोपणाच्या अशा दोन्ही टोकांना मणी असलेल्या पेनांना ‘डबल ज्वेल’ म्हणतात. ही पेने १९४० च्या दशकातली असून एका मण्याच्या पेनांपेक्षा महाग असतात. मागचा मणी झाकणावर असतो, आणि झाकण फिरवून काढता येते. त्यामुळे एका मण्याच्या पेनाला दुहेरी मण्याचे रूप देणे अवघड नाही. झाकणाचा आणि नळीचा रंग अगदी एकसारखा आहे का, जोडावर कडी नीट बसते का, एवढे पाहिले तरी अर्धे गोंधळ टळतात.

रंगांची पारख हा या पेनाचा सर्वांत रसाळ आणि सर्वांत फसवा भाग आहे. काळी, करडी आणि निळसर पेने पुष्कळ; ‘नासाऊ ग्रीन’, ‘बकस्किन’ आणि ‘मस्टर्ड’ ही त्यामानाने कमी. एअरोमेट्रिक काळाच्या आरंभी, १९४८–४९ मध्ये, ‘प्लम’ हा रंग थोड्याच काळासाठी निघाला, आणि तोच सर्वाधिक चुकीचा ओळखला जातो. त्याच्या जवळचा ‘बर्गंडी’ हा रंग कोकमाच्या आगळासारखा गडद लाल दिसतो. प्लममध्ये जांभळेपणा अधिक असतो. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच वाटतात आणि छायाचित्रात तर कॅमेरा आपल्याच मनाने रंग ठरवतो. खात्रीचे बर्गंडी पेन शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पाहणे एवढाच भरवशाचा उपाय आहे. निबेवरचे आवरण आणि नळी यांच्या रंगांत सूक्ष्म फरक दिसला, तर एक भाग दुसऱ्या पेनातून आला असे समजावे. असे तुकड्यातुकड्यांनी जुळवलेले पेन संग्राहकांत ‘फ्रँकनपेन’ म्हणून ओळखले जाते. ते लिहायला उत्तम असू शकते, पण दुर्मीळ म्हणून विकणे अप्रामाणिकपणाचे आहे.

विक्रेत्यांना दाखवण्यासाठी कंपनीने पारदर्शक ‘डेमॉन्स्ट्रेटर’ पेने बनवली होती. अलीकडे कारागिरांनी पारदर्शक भाग, तसेच पार्करने कधीच न काढलेल्या रंगांच्या नळ्याही नव्याने घडवल्या आहेत. त्यामुळे पारदर्शकता हा पुरावा राहिलेला नाही. शांघायच्या ‘हीरो १००’ सारखी ५१ च्या घडणीची पेनेही पुष्कळ आढळतात. त्यांना नक्कल म्हणून हिणवण्याऐवजी त्यांचे स्वतंत्र स्थान मानावे, पण कप्प्यात ती वेगळी ठेवावीत. ‘५१ स्पेशल’ हे स्वस्त रूपही अस्सल पार्करचेच आहे. त्याची निब सोन्याऐवजी आठ धातूंच्या ‘ऑक्टेनियम’ मिश्रधातूची असते. आकाराने लहान ‘डेमी’ पेने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि त्यांची टोपणे मोठ्या पेनांना बसत नाहीत. अमेरिकी उत्पादन १९७२ मध्ये थांबले, आणि २०२१ मध्ये त्याच नावाचे पण आट्यांच्या टोपणाचे नवे पेन बाजारात आले. ते जुन्याच्या वंशातले नाही, हे टोपण फिरवताच कळते.

महाराष्ट्रात ही पेने दोन वाटांनी हाती येतात. पहिली वाट घरातली : वकील, प्राध्यापक किंवा डॉक्टर आजोबांच्या कपाटातील डबी. दुसरी वाट बाजारातली : पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार. घरातून आलेल्या पेनाचा इतिहास ठाऊक असतो, आणि तो छापावरच्या ठिपक्यांइतकाच पुरावा ठरतो. म्हणून ते कोणाला, कधी, कोणत्या निमित्ताने मिळाले हे वडीलधाऱ्यांना लगेच विचारून ठेवावे. पूर्वी पेनांच्या दुकानांत नळीवर मालकाचे नाव कोरून देत, आणि अशी पेने परदेशी बाजारात थोडी स्वस्त मिळतात. नाव घासून काढण्याचा मोह टाळावा : कोरीव रेषा काढताना वरचा थर जातो, नळी पातळ होते, आणि शेजारची वर्षाची छापही पुसट होते.

दुरुस्तीत काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन लागले तर ल्युसाइटला बारीक तडे जातात. निबेवरचे आवरण लाखेने बसवलेले असते, ते काढण्यासाठी सौम्य उष्णता लागते. जोर लावला तर आवरण फुटते. पार्करच्याच जुन्या ‘सुपरक्रोम’ शाईच्या बाटल्या दौतीशेजारी शोभेला ठेवाव्यात, पेनात भरू नयेत, कारण तिने आतले भाग खराब होतात. रोजच्या लेखनाला साधी, धुतली जाणारी शाई पुरते. १९३१ पासून शाई बनवणाऱ्या दांडेकरांच्या ‘कॅमल’ शाईने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचे लेखन झाले आहे. पेन महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावे आणि बराच काळ ठेवायचे असेल तर कोरडे करून ठेवावे. प्रत्येक पेनासोबत डबीत एक चिठ्ठी ठेवावी : छापातला अंक व ठिपके, टोपणाची धातू, शाई भरण्याची पद्धत, पडदा कधी बदलला, आणि पेन कोणाकडून आले.